एक खोली, तीन साइट: आयकॅल जोडणी कितपत भरवशाची?
अलिबाग-दिवेआगरकडचे होमस्टेवाले एकच खोली दोन-तीन बुकिंग साइटवर लावतात आणि कॅलेंडरं आयकॅल लिंकने (भरलेल्या तारखांची फाइल एका साइटवरून दुसरीला देणारा दुवा) जोडतात. सोय फुकट, पण बेभरवशाची. नवं बुकिंग लगेच कळत नाही. समोरची साइट काही तासांनी फाइल ओढते, तेवढ्यात शनिवारची खोली दोनदा विकली जाते. रद्द केलं की दंड मालकाला, शिवाय साइटच्या शोधयादीतही घसरण. लिंक दोन्हीकडे टाकावी लागते. एकतर्फी जोडणी ही नेहमीची चूक. दर तर या लिंकमधून जातच नाहीत, ते प्रत्येक साइटवर हातानेच बदला. लाँग वीकेंडला 'इन्स्टंट बुकिंग' (मालकाच्या होकाराविना लगेच पक्कं होणारं) एकाच साइटवर ठेवा, बाकीकडे तारखा आधीच बंद करा. चार-पाच खोल्या असतील तर चॅनेल मॅनेजरला (सगळ्या साइटवरच्या तारखा आणि दर एकाच जागेवरून सांभाळणारं सॉफ्टवेअर) पैसे मोजलेले परवडतात.