टोकियोत एक मोकळी संध्याकाळ: सुमो बघावं की बेसबॉल?

जपानला निघालेली ओळखीची मंडळी हल्ली हमखास विचारतात: टोकियोत एक संध्याकाळ मोकळी आहे, सुमो बघू की बेसबॉल? दोन्ही खेळ आपल्याला अनोळखी, दोन्ही तिकडच्या लोकांच्या जिव्हाळ्याचे. मी दोन्ही बघितले आहेत आणि माझं मत तयार आहे. तरी ते सगळ्यांना लागू पडेलच असं नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी तारखा बघा, कारण निम्म्या लोकांचा निर्णय तिथेच होऊन जातो. सुमोच्या मोठ्या स्पर्धा वर्षातून फक्त 6, प्रत्येकी 15 दिवसांच्या. त्यातल्या जानेवारी, मे आणि सप्टेंबरच्या टोकियोत. मार्चची ओसाकाला, जुलैची नागोयाला आणि नोव्हेंबरची फुकुओकाला. मुलांच्या उन्हाळी सुट्टीत जाणाऱ्यांना मे महिन्यातली स्पर्धा नेमकी सापडते. चेरीचा बहर बघायला एप्रिलच्या सुरुवातीला जाणाऱ्यांच्या हाती मात्र काही लागत नाही, तोवर ओसाकाची स्पर्धा आटोपलेली असते. बेसबॉलचं तसं नाही. मार्चअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत सोमवार सोडला तर जवळजवळ रोज कुठे ना कुठे सामना असतोच.

तिकिटांचंही तसंच. बेसबॉलचं तिकीट आठवडाभर आधीसुद्धा मिळून जातं. सुमोची विक्री स्पर्धेच्या साधारण महिनाभर आधी उघडते आणि अलीकडे पाहता पाहता संपते. तेव्हा सोयीच्या बाबतीत बेसबॉल सरळ पुढे आहे, हे मान्यच करायला हवं.

बेसबॉल बघायचाच असेल तर माझं ऐका आणि जिंगू स्टेडियमवर बघा. टोकियो डोमला छप्पर आहे, थंड हवा आहे, सगळी सोय आहे. पण जिंगू 1926 सालचं, उघड्या आभाळाखालचं मैदान आहे आणि ते पाडून नवं बांधायचं ठरलेलं आहे. याकुल्ट स्वॅलोज हा तिथला घरचा संघ. त्यांची धाव झाली की हजारो लोक हातातल्या छोट्या रंगीत छत्र्या उघडून वरखाली नाचवतात आणि एका सुरात गातात. प्रत्येक फलंदाजाचं स्वतःचं गाणं असतं आणि ते ढोल-तुतारीच्या साथीनं, न चुकता, न थकता म्हटलं जातं. आपला संघ फलंदाजीला असला की गायचं, समोरचा संघ आला की त्यांच्या पाठीराख्यांना गाऊ द्यायचं. इतकी शिस्तबद्ध आणि तरीही मनापासूनची गर्दी मी दुसरीकडे बघितलेली नाही. पाठीवर बिअरची टाकी बांधलेल्या मुली पायऱ्यांवरून सारख्या वरखाली करत असतात. हात वर केला की त्यातली एक येते, पायरीवर गुडघा टेकते आणि पाठीवरच्या नळीतून फेसासकट नेमका पेला भरून देते. दहा-पंधरा किलोंचं ते ओझं घेऊन तिचं हसू जराही ढळत नाही. बिअर न पिणाऱ्यांनी आणि शाकाहारी मंडळींनी मिठातल्या उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगा घ्याव्यात, गप्पा मारत खायला छान.

इतकं सगळं असताना अडलं कुठे?

क्रिकेट बघणाऱ्याला बेसबॉल जड जाऊ नये असं सगळे सांगतात. नियमांपुरतं ते खरंही आहे, तासाभरात ते अंगवळणी पडतात. पण क्रिकेटमध्ये तीन यष्ट्या जमिनीत रोवलेल्या असतात. चेंडू कुठून कुठे गेला, हे लांबच्या स्टँडमधूनही बऱ्यापैकी कळतं. बेसबॉलमध्ये फलंदाजानं बॅट फिरवली नाही, तर तो स्ट्राइक की बॉल हे ज्या चौकटीवरून ठरतं, ती चौकट हवेत आहे: चेंडू तिच्यातून गेला तर स्ट्राइक, बाहेरून गेला तर बॉल. रुंदी खाली जमिनीत बसवलेल्या होम प्लेट नावाच्या पाटीएवढी, उंची साधारण गुडघ्यापासून छातीच्या मध्यापर्यंत, म्हणजे फलंदाजागणिक वेगळी. मैदानावर तिची एक रेघसुद्धा नाही. आणि सामन्यातली खरी झुंज चालते ती याच चौकटीच्या कडेवर. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, टाकतो, फलंदाजामागे बसलेल्या कॅचरच्या ग्लोव्हमध्ये फट् असा आवाज होतो, शेजारचे आजोबा हळहळून मागे टेकतात, आणि आपण मात्र फलकाकडे बघत असतो: हिरवा दिवा लागला की पिवळा? हिरवा म्हणजे बॉल, पिवळा म्हणजे स्ट्राइक. एकदा असं झालं तर हरकत नाही. पण तीन तास प्रत्येक चेंडूला डोळ्यांवर विश्वास न ठेवता दिव्यावर ठेवायचा, याचा मला फार त्रास झाला. समोर काहीतरी अटीतटीचं चाललंय हे कळत होतं, पण दिसत काहीच नव्हतं.

त्यात तिकिटाचा पेच. होम प्लेटच्या जवळ बसावं तर चेंडूचं वळण थोडं दिसतं, पण गाणी, ढोल, उभं राहून चाललेला जल्लोष सगळा समोरच्या टोकाला. जल्लोषात बसावं तर फलंदाज शंभरेक मीटर लांब. खेळ एकीकडे आणि सोहळा दुसरीकडे, पैसे मोजून त्यातला एकच हाती लागतो.

सुमोत यातलं काहीच नाही. सगळा मामला मातीच्या ओट्यावरच्या 4.55 मीटर व्यासाच्या वर्तुळात. जो वर्तुळाबाहेर पडला किंवा ज्याचं पावलाच्या तळव्याखेरीज काहीही मातीला टेकलं, तो हरला. एवढं माहीत असलेला माणूस पहिल्या लढतीपासून निकाल स्वतःच्या डोळ्यांनी देऊ शकतो. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुठेही बसा, हौदा दिसतो. र्‍योगोकूच्या कोकुगिकानची, म्हणजे टोकियोतल्या सुमोच्या सभागृहाची, बांधणीही तशीच, मधला ओटा सगळ्यांच्या नजरेत. अकराएक हजार माणसं मावतात, तरी शेवटच्या रांगेतल्या खुर्चीवरूनही अंगावर अंग आदळल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो.

आपली कुस्ती बघत वाढलेल्यांना एका गोष्टीचा धक्का बसतो: इथे वजनगट नाहीत. दीडशे किलोच्या आतला मल्ल आणि त्याच्यापेक्षा पन्नास किलोंनी जड मल्ल बिनदिक्कत समोरासमोर उभे राहतात. उरा नावाच्या मल्लासारखा कोणी ठेंगणा आला की सभागृह दुप्पट ओरडतं, कारण तो सरळ टकरीत टिकणार नाही, काहीतरी डाव काढणार, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

लढत पाच-दहा सेकंदांत संपते आणि त्याआधी चार-चार मिनिटं नुसती तयारी चालते, अशी तक्रार बरेच जण करतात. मला उलट ती मिनिटंच आवडली. दोघं समोरासमोर बसतात, रोखून बघतात, उठतात, कोपऱ्यात जातात, मिठाची मूठ उधळतात, परत येतात. प्रत्येक वेळी सभागृहाचा आवाज एक पायरी चढतो. वरच्या गटात (हे गट वजनाचे नव्हे, क्रमवारीचे) या तयारीला 4 मिनिटांची मर्यादा आहे. ती संपल्याची खूण मिळाली की मल्ल टॉवेलनं तोंड पुसतो, शेवटचं मीठ जरा जास्तच घेतो, आणि आता लागणार हे अख्ख्या सभागृहाला एकाच क्षणी कळतं. जपानीचा एक शब्द येत नसला तरी तुम्हालाही कळतं. जिंगूवर हजारोंच्या गर्दीत असूनही मला हे एकदाही अनुभवता आलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट माहीत असेल तर रंगत वाढते. वरच्या गटातला मल्ल 15 दिवसांत 15 लढती खेळतो आणि 8 जिंकल्या तर त्याचं स्थान सहसा सुधारतं, 8 हरला तर घसरतं. त्यामुळे शेवटच्या दिवशी 7 जिंकून 7 हरलेला कोणी असेल, तर विजेतेपदाशी त्याचा काही संबंध नसला तरी त्याची लढत बघाच.

बसण्याबद्दल मात्र सावध करतो. खालचे चौघांचे कप्पे फोटोत सुरेख दिसतात. जेमतेम सव्वा मीटरच्या चौकोनात चार माणसं, चार गाद्या, खाण्याचे डबे. मांडी घालून बसायची सवय असली तरी चार मोठी माणसं दोन-तीन तास तिथे बसली की कोणाचं ना कोणाचं पाऊल झोपतं. गुडघ्यांचा त्रास असलेली वडीलधारी सोबत असतील, तर वरच्या मजल्यावरच्या खुर्च्या घ्या. त्या स्वस्तही पडतात. खायला कोकुगिकानची याकितोरी, म्हणजे काडीला लावून भाजलेले तुकडे, प्रसिद्ध आहे, पण ती कोंबडीची. शाकाहारी मंडळींनी आधी पोटभर खाऊन यावं हे बरं.

लहान मुलं बरोबर असतील, मित्रांचा कंपू असेल, किंवा खेळापेक्षा तिथल्या लोकांसोबत हसणं-गाणं हवं असेल, तर बेसबॉलच घ्या, मी अडवणार नाही. मुलांना त्या छत्र्या फार आवडतात, आणि कोणत्याही क्षणी उठून पाय मोकळे करता येतात. पण एकटे किंवा दोघं जात असाल आणि अनोळखी खेळ खरोखर बघायचा असेल, तर माझं झुकतं माप सुमोला.

मे किंवा सप्टेंबरात जाणाऱ्यांना हा प्रश्न थोडा सोडवूनही घेता येतो. सुमो सहाला संपतो आणि जिंगूवरचे संध्याकाळचे सामने साधारण सहालाच सुरू होतात. र्‍योगोकूहून सोबू लाइनची पिवळ्या पट्ट्याची लोकल पकडली की गाडी न बदलता शिनानोमाचीला उतरता येतं, तिथून मैदान चालत जाण्याच्या अंतरावर. पहिल्या एक-दोन इनिंग बुडतील, पण गाणी आणि छत्र्या चुकणार नाहीत. त्या दिवशी स्वॅलोजचा घरचा सामना आहे ना, तेवढं आधी पाहून घ्या. कोकुगिकानला मात्र दुपारी अडीचच्या आत पोहोचा, वरच्या गटाचे मल्ल साडेतीननंतर नक्षीदार कमरवस्त्रं बांधून ओट्यावर येतात. आणि तिकीट आधी सुमोचं काढा. ते मिळालं तरच बाकीचा बेत जमवा.