स्पेक्ट्रमला डिव्हएमएमसी की टीझेडएक्सड्युइनो? समुद्राजवळ राहणाऱ्यांसाठी

घरात जुना झेडएक्स स्पेक्ट्रम (सिंक्लेअरचा 1982 चा घरगुती कॉम्प्युटर) आहे, किंवा हैदराबादच्या डेसिबेल्सने 1986 पासून आपल्याकडे विकलेला डीबी स्पेक्ट्रम प्लस आहे, मशीन चालू आहे, कीबोर्डाचा नवा मेम्ब्रेन टाकून झालाय, टीव्हीला कम्पोझिट जोडून झालंय, आणि कॅसेटींना मात्र बुरशी लागून त्या गेल्या. इथपर्यंत आलेल्या माणसाला पुढे एकच ठरवायचं असतं, की प्रोग्रॅम आत घालायचे कशातून. मायक्रोड्राइव्हचा, म्हणजे सिंक्लेअरच्याच छोट्या फितीच्या ड्राइव्हचा, नाद मी तरी कोकणात करू नका म्हणेन, ती बारीक फीत आणि तिच्यामागचा फेल्टचा तुकडा इथल्या हवेत टिकवणं फार कष्टाचं आहे. म्हणजे खरी निवड दोघांतच: मशीनच्या मागच्या एज कनेक्टरला लागणारा, एसडी कार्डावरून थेट प्रोग्रॅम देणारा डिव्हएमएमसी, नाहीतर कॅसेट प्लेअरच्या जागी ईअर सॉकेटला लागणारा आणि एसडी कार्डावरचा टेपचा आवाज वाजवणारा टीझेडएक्सड्युइनो. मी मालवणात राहतो, दोन्ही वापरलेत, दोन्ही अजून घरात आहेत.

आधी एक गोष्ट, ही दोन्ही हौशी लोकांचीच कामं आहेत. डिव्हएमएमसीचा पूर्वज डिव्हआयडीई चेक लोकांकडून आला, त्यावर चालणारं ईएसएक्सडॉस हे सॉफ्टवेअर पोर्तुगालमधल्या हौशी माणसाने लिहिलं, टीझेडएक्सड्युइनोचा कोड कुणालाही घेता येतो आणि त्याच्यावरूनच पुढे मॅक्सड्युइनो निघाला. 1982 च्या मशीनसाठी लोक आजही फर्मवेअर सुधारतात, बग सांगितला तर उत्तरं देतात, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. खाली जे लिहिलंय त्यात कुणाचं काम कमी दर्जाचं आहे असं अजिबात नाही, फक्त जागेचा फरक आहे.

डिव्हएमएमसी चालतो तेव्हा त्याच्यासारखं दुसरं काही नाही हे आधीच कबूल. बटण दाबलं की फाइलींची यादी, एंटर, आणि 48केचा गेम डोळ्याची पापणी लवेपर्यंत समोर. हे बटण म्हणजे एनएमआय, प्रोसेसरला हातातलं काम थांबवायला लावणारा इशारा. मूळ रॉममध्ये एनएमआयच्या रुटीनमध्येच बग राहिला होता, त्यामुळे तो इंटरप्ट तसा बिनकामाचा होता, डिव्हएमएमसी त्या पत्त्यावर आपली मेमरी पुढे करून तो चालता करतो. मला हे फार सुंदर वाटतं. शिवाय खेळता खेळता मध्येच स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाच्या मेमरीची प्रत, सेव्ह होतो, स्वतः लिहिलेले बेसिक प्रोग्रॅम सरळ एसडी कार्डावर जातात. एकच काळजी, कार्डावरचे सिस फोल्डर आणि आतल्या रॉममधलं ईएसएक्सडॉस एकाच व्हर्जनचं पाहिजे, नाहीतर ते सुरूच होत नाही आणि माणूस उगाच कार्ड बदलत बसतो.

आता ज्याच्यामुळे माझं ठरलं ते. स्पेक्ट्रमचा एज कनेक्टर म्हणजे वेगळा पार्ट नाही, मदरबोर्डाचीच मागची कड बाहेर काढलेली, वर 28 आणि खाली 28 जागा, एक जोडी खाचेत गेलेली. माझ्या बोर्डाच्या पट्ट्यांवर सोन्याचा मुलामा नाही, नुसती कल्हई आहे, आणि डिव्हएमएमसीच्या सॉकेटमधल्या पिना सोनेरी. कथील आणि सोनं एकमेकांवर घासलं की कथलाचा ऑक्साइड सुटतो, तो कडक असतो आणि वीज नेत नाही, हे कुठेही होतं. पण मिरग लागला की आमच्याकडे मीठ फडताळातसुद्धा पाणी धरतं, वारा खारा, भिंतींना ओल, आणि त्यात स्पेक्ट्रमचा कीबोर्ड नेमका त्याच बोर्डाच्या डोक्यावर. म्हणजे प्रत्येक की दाबली की बोर्ड तसूभर हलतो आणि मागे लटकणारं डिव्हएमएमसीचं कार्ड त्याच्याबरोबर हलतं. घासणं चालू, ओल चालू. रबराने पट्ट्या पुसल्या की खोडरबर काळंकुट्ट होतं, आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसल्या की कापसाच्या बोळ्यावर करडा थर येतो, मशीन छान चालतं, आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तेच.

तेच म्हणजे काय, तर गेम चांगला चाललेला असतो आणि मध्येच स्क्रीनवर रंगीत चौकटी, किंवा सगळं पुसून खाली सिंक्लेअरची 1982 वाली ओळ. गणपतीला चाकरमानी येतात, पोरं मशीनभोवती जमतात, आणि तेव्हा तर पावसाळा मुरलेला असतो. पुतण्या हाक मारतो, "काकानू, ह्यां परत बंद पडलां!" आणि मी रबर शोधतो. हे मला सहन होईना, कारण पोरांना वाटतं मशीनच मोडकं आहे, आणि मशीन तर ठणठणीत आहे.

बरं, नुसता रीसेट झाला तर चालेल. स्पेक्ट्रमचा बस सरळ त्या कडेवर आलाय, मध्ये कुठेही बफर, म्हणजे आतल्या चिपांना वाचवणारा आडोसा, नाही, 9 व्होल्ट आणि 12 व्होल्टच्या लायनीही त्याच कडेवर. डिव्हएमएमसीचं कार्ड तिरकं बसलं किंवा चालू मशीनवर कुणी ओढलं तर आतला टीआर4 ट्रान्झिस्टर जातो, तो गेला की खालच्या 4116 रॅमचे व्होल्टेज बिघडतात आणि मग चिपा बदलत बसा. भरलेल्या घरात, जिथे कुणीही मशीन उचलून दुसऱ्या टेबलावर ठेवतं, तिथे ही भीती मला सतत असायची.

टीझेडएक्सड्युइनोला यातलं काहीच नाही. एक अर्ड्युइनो नॅनो, एसडी कार्डचा मॉड्युल, छोटा डिस्प्ले, चार-पाच बटणं, आणि एक वायर ईअर सॉकेटमध्ये. तो स्वतःची वीज पॉवर बँकेवरून घेतो, मशीनच्या बसशी त्याचा संबंध नाही, फक्त कॅसेटसारखा आवाज देतो. त्यामुळे पोराने वायर ओढली तर फार तर टेप लोडिंग एरर येईल, पुन्हा लावायची. ईअरचं सॉकेट गोल, स्प्रिंगचं, पिन एकदा आतबाहेर फिरवली की ते आपोआप साफ होतं. एज कनेक्टरला ही सोय नाही, आणि माझ्या मते सगळा फरक इथेच आहे.

हो, हळू आहे. 48केचा गेम साध्या स्पीडला चार-पाच मिनिटं घेतो, ते बदलणार नाही. घाईचा माणूस असेल तर त्याला हे पटणार नाही आणि मी त्याला चूक म्हणणार नाही. पण बॉर्डरवर आधी लाल-निळसर पट्टे, मग निळे-पिवळे, आणि मधेच चित्र ओळीओळीने उमटत येतं, हे बघायला पोरं गप्प बसतात, आणि मोठ्या माणसांनाही तेच बघायचं असतं असा माझा अनुभव. शिवाय ज्यांचे स्पीडलॉकसारखे (कॉपी रोखणारे) स्वतःचे लोडर आहेत ते गेम डिव्हएमएमसीवर टॅप फाइलमधून (टेपवरचा मजकूर ठेवणाऱ्या साध्या फाइलमधून) चालत नाहीत, कारण तो रॉमच्या लोडिंग रुटीनलाच पकडतो, अशा गेमचा स्नॅपशॉट शोधावा लागतो. टीझेडएक्स फाइलमध्ये मूळ टेपचे पल्स जसेच्या तसे असतात, म्हणून ते इथे कॅसेटसारखे लोड होतात.

खरी अडचण सेव्ह करण्याची. टीझेडएक्सड्युइनो फक्त वाजवतो, घेत नाही. मी बेसिकमध्ये काही लिहिलं तर माइक सॉकेटमधून लॅपटॉपवर रेकॉर्ड करतो आणि मग त्याची टॅप फाइल बनवतो, जरा खटपट आहे. रोज स्वतः कोड लिहिणाऱ्याने या मुद्द्यावर नीट विचार करावा, कदाचित त्याच्यासाठी उत्तर वेगळं निघेल. अनेक भागांत लोड होणाऱ्या गेमला तुम्हालाच थांबवून परत प्ले दाबावं लागतं, कारण स्पेक्ट्रमला टेपची मोटर थांबवायची सोयच नव्हती, आणि हे जुन्या लोकांच्या हाताला सवयीचं आहे.

मिळण्याच्या बाबतीतही मला टीझेडएक्सड्युइनो सोपा गेला. डिव्हएमएमसी बाहेरून मागवायचा, कुरियर, कस्टम, आणि बिघडला तर परत तेच. नॅनो आणि बाकीचे तुकडे मुंबईत लॅमिंग्टन रोडला नाहीतर ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतात, एखादा जळला तर दुसरा बसवायचा. स्वस्त नॅनोमध्ये कोड जात नसेल तर सेटिंगमध्ये ओल्ड बूटलोडर निवडा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच काम होतं. ईअरच्या वायरीला पिन मात्र मोनोच लावा. स्टिरिओ पिन मोनो सॉकेटमध्ये गेली की एक चॅनल ग्राउंडला टेकतो.

फोनला वायर लावून वाजवता येतं असं कुणी सांगेल, येतंही, पण आता बऱ्याच फोनना ते भोक राहिलं नाही, आणि मध्येच कुणाचा तरी फोन आला की लोडिंग गेलं.

तुम्ही पुण्या-नाशकाकडे कोरड्या हवेत असाल, मशीन एका जागी ठेवणार असाल आणि स्वतः प्रोग्रॅम लिहीत असाल तर डिव्हएमएमसी घ्या, मी त्याच्या विरोधात काही बोलणार नाही. वेंगुर्ल्यापासून डहाणूपर्यंत किनाऱ्यावर कुठेही असाल तर मात्र मी आधी टीझेडएक्सड्युइनो घ्या म्हणेन. माझा डिव्हएमएमसी आता सिलिका जेल टाकून हवाबंद डब्यात असतो, दिवाळीनंतर हवा सुकली की बाहेर काढतो, मशीन बंद करून पट्ट्या पुसतो, सरळ धरून लावतो, आणि मे संपायच्या आत परत डब्यात. तुम्हालाही दोन्ही ठेवायचे असतील तर एवढं पाळा, आणि डिव्हएमएमसीच्या कार्डाखाली पुठ्ठ्याचा जाड तुकडा सारा, म्हणजे त्याचं वजन बोर्डाच्या कडेवर येत नाही आणि की दाबताना कार्ड कमी हलतं.