भोसरीतील प्लाझ्मा स्प्रे कोटिंगचे जॉबवर्क : पावडर किती शुद्ध, यावर सारे ठरते

आमच्या चाकणच्या कारखान्यातील भट्टीच्या बर्नर-नोझलांवर झिर्कोनियाचे (उष्णता अडवणारे सिरॅमिक) प्लाझ्मा स्प्रे कोटिंग, म्हणजे अतितप्त वायूच्या झोतात पावडर वितळवून फवारलेला लेप, करून घेण्यासाठी दीड वर्षात भोसरी एमआयडीसीतल्या दोन जॉबवर्कवाल्यांकडे माल दिला. पहिल्याकडून आलेला लेप दिसायला निर्दोष होता आणि जाडीही ड्रॉइंगप्रमाणे ३०० मायक्रॉन भरली. तरी दोन महिन्यांतच कडांचे पोपडे निघू लागले. खालचा बॉन्ड कोट, म्हणजे सिरॅमिकला धरून ठेवणारा धातूचा थर, शाबूत होता; त्यामुळे ग्रिट ब्लास्टिंगला (लेपाआधी कठीण कणांच्या माऱ्याने पृष्ठभाग खरबरीत करणे) दोष देता येत नव्हता. पावडरीचे सर्टिफिकेट मागवले, तेव्हा त्यात सिलिका ही अशुद्धी ०.७ टक्के निघाली.

हा आकडा किरकोळ वाटतो, पण तसा नाही. फवारलेला लेप चपट्या कणांच्या थरांचा असतो आणि त्यांमधल्या बारीक भेगांमुळेच तो उष्णता अडवतो व ताण सोसतो. सिलिका कणांच्या सीमांवर साचून काचेसारखा थर बनवते, त्यामुळे उच्च तापमानात भेगा लवकर बुजतात, लेप ताठर होतो आणि भट्टी थंड होताना धातू सिरॅमिकपेक्षा अधिक आकसला की सुटून येतो. शिवाय हा काचथर झिर्कोनियाला स्थिर ठेवणारे इट्रिया (इट्रियम ऑक्साइड) ओढून घेतो. मग थंड होताना झिर्कोनियाची स्फटिकरचना बदलते, आकारमान सुमारे ४ टक्क्यांनी वाढते आणि तडे जातात.

सध्या ज्यांच्याकडे काम देतो, ते ७ ते ८ टक्के इट्रिया असलेली पावडर वापरतात, लॉट नंबरासह सर्टिफिकेट आधीच पाठवतात आणि त्यात सिलिका ०.०५ टक्क्यांच्या आत असते. प्रत्येक लॉटसोबत त्याच फवाऱ्यात लेपलेली नमुना पट्टीही देतात. ती कापून, पॉलिश करून आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. या नोझलांनी आता आठ महिने रोजचे तापणे-निवणे सोसले आहे.

दर मात्र पहिल्यापेक्षा बराच जास्त आहे आणि माल कबूल तारखेला मिळत नाही, ही माझी खरी तक्रार आहे. पावडर कितीही शुद्ध असली, तरी लेपाचा पृष्ठभाग सतत १२०० अंशांच्या वर राहणार असेल, तर हे कोटिंग पुरे पडत नाही, हे त्यांनी ऑर्डर घेण्यापूर्वीच स्पष्ट सांगितले होते. म्हणून पुढच्या २४ नोझलाही त्यांच्याचकडे पाठवल्या आहेत.