५ केव्हीएचा भिंतीवरचा सोलर इन्व्हर्टर: कूलर मस्त चालतात, आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) मात्र शोभेचा

अमरावती, यवतमाळ, वर्धा, कुठल्याही बाजारात हा डबा दिसतो. ५ केव्हीए, ४८ व्होल्ट बॅटरी, आत एमपीपीटी (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा चार्जर). स्टिकर दुकानागणिक बदलतं, आतला साचा बहुतेक एकच. वावरातल्या घराला पुरून उरतो: दोन कूलर, फ्रिज, टीव्ही, पंखे आरामात ओढतो. रिकामा चालला तरी स्वतः ४०-५० वॅट खातो, म्हणजे दिवसाकाठी युनिटभर. कापसाचे तंतू आणि धूळ जाळीत बसते. ती ब्रशनं काढली नाही तर नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हात) भर दुपारी गरम होऊन बंद पडेल. इथवर ठीक आहे.

खरी उणीव न्यूट्रलची, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेची, आणि विकणारा तिच्याबद्दल चकार शब्द काढत नाही. बॅटरीवर चालताना यातल्या बऱ्याच मॉडेलांचं आउटपुट अधांतरी असतं. फेज आणि न्यूट्रल, दोन्हींचा अर्थशी (जमिनीला जोडलेल्या तारेशी) संबंध नाही. सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो. मल्टिमीटरवर फेज-न्यूट्रल २३०, पण फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ दोन्हीकडे ११०-१२० च्या आसपास. हे व्होल्ट आतल्या फिल्टरच्या कपॅसिटरमधून येतात, त्यांच्यात दम नसतो.

मग बिघडलं कुठं? लोखंडी कूलरच्या पंपाची वायर सोलली आणि फेज बॉडीला लागला, तर करंटला परतीची वाट नाही. आरसीसीबी पडणार नाही, म्हणजे वीज तोडणार नाही, आणि दोष कळणारही नाही. त्यात कूलरला दोन पिनांचा प्लग, म्हणजे अर्थची वायरच नाही. पुढं दुसऱ्या एखाद्या यंत्राचा न्यूट्रल त्याच्या बॉडीला लागला आणि दोन्हींना एकदम हात पडला, की पूर्ण २३० व्होल्ट अंगातून जातात. आरसीसीबीला तो नेहमीचा लोडच वाटतो. त्याच्यावरचं टेस्टचं बटण दाबून समाधान मानू नका. ते बटण आतल्या आत फेज-न्यूट्रल जोडतं, त्यामुळे अर्थ नसतानाही आरसीसीबी पडतो.

इलाज घराच्या जोडणीवर ठरतो. इन्व्हर्टरच्या इनपुटला महावितरणची लाइन जोडलेलीच नसेल तर काम सोपं. आउटपुटचा न्यूट्रल ६ चौरस मिमी तांब्याच्या वायरनं अर्थबारला (अर्थच्या सगळ्या वायरी जमतात त्या पट्टीला) जोडा, एकाच ठिकाणी, आणि आरसीसीबीच्या आधी, इन्व्हर्टरच्या बाजूला. नंतर जोडलात तर लोड लावताच आरसीसीबी पडत राहील. त्याआधी इन्व्हर्टर बॅटरीवर चालवून न्यूट्रल-अर्थ मोजा. शून्याच्या जवळ आलं तर कंपनीनं ते आतच जोडलेलं असू शकतं. मॅन्युअलमध्ये खात्री करा आणि दुसरी जोडणी करू नका. मॅन्युअल न्यूट्रल अर्थ करायला मनाई करत असेल तर हात लावू नका. काही स्वस्त इन्व्हर्टरमध्ये एसी आणि बॅटरी आतून वेगळे नसतात. तिथं ही जोडणी केली की मॉसफेट (आतले पॉवर ट्रान्झिस्टर) उडतात. पॅनलची फ्रेम अर्थ करा, पण पॅनलचा प्लस किंवा मायनस नाही.

लाइन जोडलेली असेल तर कायमची जोडणी चालत नाही. न्यूट्रल डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) आधीच अर्थ केलेला असतो. घरात पुन्हा जोडला तर इन्व्हर्टरच्या आधी लावलेला आरसीसीबी पडत राहतो. आणि डीपीकडून न्यूट्रल तुटला तर घरातल्या सगळ्या बॉड्यांवर करंट येतो. म्हणून जोडणी फक्त बॅटरी मोडमध्ये व्हायला हवी. गावात मिळणारा तोडगा म्हणजे २३० व्होल्ट कॉइलचा रिले (विजेनं चालणारा स्विच): कॉइल लाइनवर, एनसी कॉन्टॅक्ट (कॉइलला वीज नसताना जोडलेला राहणारा) न्यूट्रल आणि अर्थबारमध्ये. लाइन गेली की जोडणी होते. पण सोलरला पहिलं प्राधान्य दिलेलं असेल तर लाइन असतानाही घर बॅटरीवर चालतं, रिले मात्र ओढलेलाच राहतो, म्हणजे जोडणी तुटलेली, आणि आउटपुट पुन्हा अधांतरी. दुपारी तर हेच होतं. म्हणून आत रिले असलेलं, किंवा मोडप्रमाणे बदलणारा ड्राय कॉन्टॅक्ट (स्वतः वीज न देता फक्त जोडतोड करणारा स्विच) असलेलं मॉडेल घ्या. ड्राय कॉन्टॅक्ट बहुधा बॅटरीच्या व्होल्टेजवर चालतो, मोडवर नव्हे, त्यामुळे सेटिंग विचारून घ्या.

जमिनीत ठोकायच्या अर्थिंगच्या सळईचा बाऊ फार होतो. काळी माती मे महिन्यात भेगाळते, सळईपासून सुटते, हे खरं. अडीच-तीन मीटर खोल आणि ओलाव्यात ठोकलेली बरी. पण न्यूट्रल-अर्थ जोडणी झाल्यावर बॉडीतला दोष अर्थच्या हिरव्या वायरीतूनच परततो, मातीतून नव्हे. म्हणून आधी कूलरला तीन पिनांचा प्लग आणि बॉडीच्या नटाला हिरवी वायर. आरसीसीबी ३० मिलीअँपिअर, दोन पोल, टाइप ए (तुटक डीसी गळतीही ओळखणारा).

शेवटी सॉकेटमध्ये लावायचा आरसीसीबी टेस्टर बॅटरी मोडवर आणि लाइन मोडवर, दोन्हीकडे चालवून बघा. लाइनवर पडला आणि बॅटरीवर नाही, तर वायरमनला तेव्हाच थांबवा.

डब्याला पाचपैकी साडेतीन. न्यूट्रलची सोय आत असलेल्या मॉडेलला साडेचार.