नव्या पिकअपखाली ऑइलचा डाग: कंपनीचं वर्कशॉप की ओळखीचा मेस्त्री?

गाडी वॉरंटीत असेल तर मी आधी कंपनीच्या वर्कशॉपलाच पाठवेन. भाजीच्या हंगामात दोन दिवस गाडी उभी राहणं परवडत नाही, हे मला कळतं. मेस्त्री तासाभरात टॅपेट कव्हर (इंजिनाचं वरचं झाकण) उघडून सिलिकॉन (गळती बुजवणारी पेस्ट) लावून देतो, पैसेही थोडेच घेतो. पण बाहेर इंजिन उघडल्याचं दिसलं की वॉरंटीचा दावा अडू शकतो. शिवाय जास्तीचं सिलिकॉन आत सुटून चेंबरमधल्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यातल्या) ऑइलच्या जाळीत अडकलं, तर इंजिनाला ऑइलच कमी पोचतं.

गळती इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून असेल, तर क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं सील गेलेलं असू शकतं. ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. एवढी मजुरी खिशातून का द्यायची? तक्रार जॉबकार्डवर (वर्कशॉपच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर) लेखी घ्या, डागाचे फोटो ठेवा.

वॉरंटी संपली असेल, तर मात्र चांगला मेस्त्रीच बरा. इंजिन धुऊन, थोडं चालवून गळती नेमकी कुठून हे तो तुमच्यासमोर दाखवतो. कधी नुसता ड्रेन नटचा (जुनं ऑइल काढायच्या नटाचा) वॉशर किंवा सैल फिल्टर निघतो.

कुठेही जा, तोवर रोज सकाळी डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) बघा.