न खोललेल्या हेडचे साडेअठरा हजार

डिसेंबरात कल्याणहून परतताना कसारा घाट चढत होते. इगतपुरीच्या अलीकडे गारठा झोंबायला लागला म्हणून हीटर लावला, तर आत गार वारा. थोड्या वेळाने पाहते तर टेंपरेचरचा काटा लाल पट्टीला टेकलेला. गाडी कडेला घेतली. कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची, बाटली पाहिली, तर ‘मॅक्स’च्या खुणेपर्यंत भरलेली. म्हणजे पाणी आहे, दुखणं मोठं दिसतंय, असं मीच ठरवून टाकलं. थांबत थांबत कसंबसं नाशिक गाठलं.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजवाल्याने झाकण काढलं, रेडिएटरमध्ये पाणी ओतलं. अडीच लिटर बसलं! तेव्हाही माझी ट्यूब पेटली नाही. इंजिन चालू करून तो म्हणाला, “ताई, बुडबुडे बघा. हेड गॅस्केट उडालंय. हेड खोलून फेसिंगला द्यावं लागेल.” (हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, गॅस्केट म्हणजे त्याच्या सांध्यातलं सील आणि फेसिंग म्हणजे हेडचा पृष्ठभाग घासून सपाट करणं.) साडेअठरा हजार, दोन दिवस. जुनं गॅस्केट मागितलं, तर म्हणे भंगारात गेलं.

तीन आठवड्यांनी निफाडला लग्नाला निघाले. पहाटेची थंडी, आणि हीटर पुन्हा गार.

या वेळी सातपूरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेले. त्यांनी आधी इंजिन पूर्ण गार होऊ दिलं. (तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी अंगावर येतं.) मग झाकण काढून म्हणाले, “बोट घाला.” बोट कोरडंच. बाटली मात्र काठोकाठ.

झाकण उलटं करून त्यांनी मधला छोटा व्हॉल्व्ह दाखवला. तो चिकटून बसलेला, उघडतच नव्हता. इंजिन तापलं की कूलंट फुगून बाटलीत जातं आणि गार होताना याच व्हॉल्व्हमधून परत ओढलं जातं. इथे जात होतं, पण परत येत नव्हतं. हीटरला ऊब मिळते ती याच गरम पाण्याची. पाणी घटलं, हीटरच्या नळ्यांत हवा भरली, म्हणून काटा वर आणि वारा गार. पहिल्याने दाखवलेले बुडबुडे म्हणजे पाणी ओतल्यावर बाहेर पडणारी हीच हवा. गॅस्केट खरंच गेलं असतं तर बुडबुडे थांबलेच नसते. इंजिन ऑइल दुधाळ झालेलं किंवा सायलेन्सरमधून पांढरा धूर असंही बहुतेकदा दिसतं. माझ्या गाडीत दोन्ही नव्हतं.

मग मिस्त्रींनी टॉर्च मारला. एक्झॉस्टच्या नटांवर जुना गंज जसाच्या तसा. “हेड काढायचं तर हे सोडावेच लागतात ताई. यांना पानाच लागलेला नाही.”

नवं झाकण अडीचशे रुपयांना आलं. जुनं घेऊन पहिल्याकडे गेले, कच्चं बिल पुढे केलं. त्यावर ना गॅरेजचं नाव, ना गाडीचा नंबर. त्याने उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं. “हे आमचं अक्षरच नाही.”