विंडोज ११ च्या पोटात एक्सपी: व्हर्च्युअलबॉक्सवर पेजमेकर चालवताना

पेजमेकर, म्हणजे पानं जुळवायचं जुनं सॉफ्टवेअर, संपला असं कुणी म्हणालं की आम्हा डीटीपीवाल्यांना (संगणकावर छपाईची पानं जुळवणाऱ्यांना) हसू येतं. त्याची शेवटची आवृत्ती, ७.०, आली २००१ साली. पण स्मरणिका, पतसंस्थांचे अहवाल, कुलवृत्तांत यांच्या फायली आजही त्यातच पडून आहेत आणि गिऱ्हाईक दरवर्षी येऊन म्हणतं, "मागचंच मॅटर आहे, फक्त नावं बदला." जुना पीसी कुरकुरायला लागला तेव्हा त्यातला विंडोज एक्सपीचा सगळा संसार मी नव्या मशीनवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे संगणकाच्या आत दुसरा नकली संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, हलवला. आता बरेच महिने त्यावर रोजचं काम चाललंय.

"पेजमेकर थेट विंडोज ११ वरच टाक की," असं सुचवणारे भेटतात. अडचण एकट्या पेजमेकरची नाहीच. आमचे मराठी फॉन्ट युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या समान संकेतांच्या, आधीचे. त्यांचं टायपिंगचं सॉफ्टवेअर डोंगलवर (परवान्याची खूण म्हणून संगणकाला लावायच्या छोट्या उपकरणावर) चालतं आणि त्या डोंगलचा ड्रायव्हर ३२ बिटचा. ६४ बिट विंडोज तो घेतच नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे त्या आतल्या नकली संगणकात, मात्र यूएसबी फिल्टर (कोणतं यूएसबी उपकरण आत द्यायचं ते सांगणारी सेटिंग) लावून ठेवला की एक्सपी सुरू होताच डोंगल आपोआप आत जातो.

मशीन बनवताना यादीतून एक्सपी निवडा आणि हार्ड डिस्कचा कंट्रोलर आयडीईच (डिस्क जोडायची जुनी पद्धत) राहू द्या. हौसेने साटा ही नवी पद्धत केलीत तर विंडोज कोलमडल्याचा निळा पडदा ठरलेला, कारण एक्सपीच्या सीडीत त्याचे ड्रायव्हर नसतात. एक जीबी रॅम आणि एक प्रोसेसर पुष्कळ झाला. खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसलं तर समजा, विंडोजचं स्वतःचं तसंच सॉफ्टवेअर, हायपर-व्ही, आड आलंय आणि वेग कमी होणार. कासव घालवायला विंडोजची मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षेची सोय बंद करा असं सांगतात. मी ती चालूच ठेवली. पेजमेकरला तेवढा वेगही जास्तच होतो. जुन्या पीसीवर जाड अहवाल उघडेपर्यंत चहा व्हायचा, इथे तेवढी सवड मिळत नाही.

फायलींची ने-आण सुरुवातीला डोक्याला ताप होती. एक्सपी नेटवर्कवर एसएमबीची (विंडोजच्या फायली शेअर करायच्या पद्धतीची) पहिलीच आवृत्ती बोलतं आणि विंडोज ११ मध्ये ती मुळात बंद असते. त्या वाटेला जाऊ नका. गेस्ट ॲडिशन्स, म्हणजे एक्सपीत टाकायचं व्हर्च्युअलबॉक्सचंच जोडसॉफ्टवेअर, टाकून शेअर्ड फोल्डर करा, काम संपलं. छपाईसाठी मी आत प्रिंटर लावलेलाच नाही. पेजमेकरमधून पोस्टस्क्रिप्ट फाइल (छपाईच्या भाषेत लिहिलेली पानं) काढतो, ती शेअर्ड फोल्डरमध्ये टाकतो आणि बाहेर घोस्टस्क्रिप्ट या सॉफ्टवेअरने पीडीएफ करतो. फॉन्ट पीडीएफमध्येच बसतात, छपाईची प्लेट करणाऱ्याची तक्रार नाही. अर्थात त्या पीडीएफमधून मजकूर कॉपी केला तर रोमन अक्षरांचा चिवडाच हाती येतो. फॉन्टच तसे, रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले; त्याला व्हर्च्युअलबॉक्स काय करणार?

इंटरनेटबद्दल मी हट्टी आहे. एक्सपीला मिळणारी नियमित सुरक्षा दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ ला थांबली, म्हणून सेटिंगमध्ये नेटवर्क ॲडॉप्टरची खूणच काढून टाकली आहे. शेजारच्या एका प्रेसमध्ये त्याच एक्सपीत ब्राउझर टाकायची खटपट चालू असते. कशाला? मेल बाहेरच्या विंडोजमध्ये बघावी.

खटकणाऱ्या गोष्टी आहेतच. उजवं कंट्रोल बटण व्हर्च्युअलबॉक्स स्वतःकडे ठेवतं, त्यामुळे शॉर्टकटची सवय असलेला ऑपरेटर वैतागतो. ते बदलून घ्या. स्नॅपशॉट (मशीनच्या त्या क्षणीच्या स्थितीच्या जपलेल्या नोंदी) साठत गेले की डिस्क फुगते. मी एकच ठेवतो, फॉन्ट आणि डोंगल नीट बसल्यानंतरचा. बॅकअप मात्र इतका सोपा कधीच नव्हता: मशीन बंद करायचं आणि त्याचा अख्खा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करायचा.

एक्सपीची सीडी आणि प्रॉडक्ट की मात्र तुमची स्वतःची, रीतसर हवी. जुन्या ब्रँडेड पीसीबरोबर आलेला परवाना त्या पीसीपुरताच असतो. आणि तुमचा डोंगल जुन्या प्रिंटरच्या जाड पॅरलल पोर्टला लागणारा असेल, तर विंडोजवरच्या व्हर्च्युअलबॉक्सच्या भरवशावर जुना पीसी भंगारवाल्याला देऊन टाकू नका.